सातव्या ओळीतलं नाव

अकरा वर्षं मी जिंकायची वाट बघत होतो, आणि ज्या शनिवारी जिंकलो त्या शनिवारी धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. आता हसू येतं. सगळं नीट पार पडलंय म्हणून येतं. त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत मात्र मी सख्ख्या बहिणीच्या घरात चोरासारखा तोंड लपवून बसलो होतो.

आम्ही चौघं. मी नॉर्ब विल्चेक, पोलाद कारखान्याच्या उरल्यासुरल्या भागात क्रेन चालवून निवृत्त झालेला. डॉटनं चौतीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे तिच्यापुढे अजून कुणाची मान वर होत नाही. व्हर्न पोस्टमन होता. आमच्या लॅकावाना गावातला एकही कुत्रा त्याला चावायचा राहिलेला नाही. आणि मुनीर. त्याचे वडील येमेनहून इथं भट्टीवर कामाला आले, त्यांनी दुकान टाकलं, आणि मुनीरनं त्या दुकानाच्या दारावर आपल्या संघाचा झेंडा लावला तो अजून खाली उतरलेला नाही. फेब्रुवारी लागला की दर गुरुवारी व्हर्नच्या गॅरेजमध्ये आमची बैठक बसते, ती एप्रिल संपेपर्यंत. विषय एकच. आपला संघ यंदाच्या ड्राफ्टमध्ये कुणाला घेणार?

बत्तीस संघ, सात राउंड, आणि कॉलेजातून अमेरिकन फुटबॉल, म्हणजे बॉल हातात धरून पळायचा खेळ, खेळून बाहेर पडलेली पोरं. प्रत्येक राउंडला प्रत्येक संघ एकेका पोराचं नाव पुकारतो. एवढं कळलं की पुढचं भांडण कुणालाही करता येतं, आणि आमच्या गावात सगळेच करतात. पाद्रीसुद्धा.

पण आमच्या भांडणाला नियम आहेत. ड्राफ्टच्या आदल्या दिवशी प्रत्येकानं पिवळ्या कार्डावर सात ओळी लिहायच्या, राउंडला एक नाव. कार्ड लिफाफ्यात घालायचं, लिफाफा चाटून बंद करायचा आणि डॉटच्या विणकामाच्या पिशवीत टाकायचा. तिसऱ्या दिवशी, म्हणजे शनिवारी, आपल्या संघाचं सातवं नाव पुकारलं गेलं की पिशवी उघडायची आणि ज्यानं त्यानं उभं राहून आपलं कार्ड मोठ्यानं वाचायचं. नाव जुळलं तर पाच गुण, नुसती खेळायची जागा जुळली तर दोन. जिंकणाऱ्याला वर्षभर व्हर्नच्या गॅरेजमधली तपकिरी आरामखुर्ची, बाकीच्यांना घडीच्या लोखंडी खुर्च्या. मी चार वेळा दुसरा आलोय. लोखंडी खुर्चीत बसून सोळा-सतरा सामने बघितल्यावर कंबरेचं काय होतं ते मला विचारा.

यंदा फेब्रुवारीपासून मी एकच धोशा लावला होता. गार्ड घ्या. गार्ड म्हणजे बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढ्यात उभं राहून अंगावर धावून येणारे रेडे थोपवणारा गडी. त्याचं नाव कुणी शर्टावर छापून घेत नाही, पण तो ढिला पडला की क्वार्टरबॅक जमिनीवर. गेल्या वर्षी आमचा क्वार्टरबॅक इतक्या वेळा जमिनीवर गेला की शेवटी शेवटी तो उठताना गवत झटकायचाही बंद झाला. व्हर्नला बॉल पकडणारी चपळ पोरं हवी होती, डॉटला पळणाऱ्याला आडवा करणारा कुणीतरी दांडगा हवा होता, मुनीर दर आठवड्याला मत बदलायचा. मी मात्र हललो नाही. तिसऱ्या राउंडला एक गार्ड आणि सातव्याला एक, असं मी कागदावर आकडे मांडून, आपल्या गार्डांच्या गुडघ्यांची ऑपरेशनं मोजून सिद्ध केलं होतं.

आता यात घोळ असा, की माझा भाचा गॅविन गार्ड आहे.

गॅविन मॅझुर. माझ्या धाकट्या बहिणीचा, जॅनीनचा, एकुलता एक. बाप फ्लॉरिडाला गेला तो तिकडचाच झाला. पोर पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा कॉलेजात चार वर्षं खेळलं. उंची सहा फूट चार, वजन एकशे चाळीस किलो, आणि स्वभाव असा की समोरच्याला पाडल्यावर हात देऊन उठवतो. इंटरनेटवरच्या एक-दोन याद्यांमध्ये त्याचं नाव होतं, अगदी तळाशी, जिथं यादी करणाऱ्याला स्वतःलाही झोप आलेली असते. तेवढ्यावरून अख्ख्या गावानं ठरवून टाकलं की सातव्या राउंडला आपला संघ आपल्याच पोराला घेणार. आणि गॅरेजमधल्यांनी ठरवलं की नॉर्ब गार्ड गार्ड करतोय तो भाच्यासाठीच. डॉटनं ते जॅनीनच्या कानावर घातलं. जॅनीननं त्या रविवारी मला मिठी मारली आणि म्हणाली की तू आहेस म्हणून मला धीर आहे. मी बटाटे सोलत बसलो.

कारण मार्चमध्ये मी गॅविनचा हात मोजला होता. त्यानंच मोजायला सांगितलं होतं, जॅनीनच्या स्वयंपाकघरात, शिवणाच्या टेपनं, खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. गार्डला हात लांब लागतात. समोरच्याचा पंजा आपल्या छातीवर पडायच्या आत आपला त्याच्या छातीवर पडला पाहिजे. तेहतीस इंच असले तर कुणी काही बोलत नाही, बत्तीस असले तर नाक मुरडतात. गॅविनचा भरला साडेएकतीस. मी टेप पुन्हा लावली. साडेएकतीस. जॅनीननं ओट्यापासून विचारलं, कसे आहेत हात? मी म्हणालो, छान आहेत. टेप गुंडाळून खिशात घातली. गॅविननं बाही खाली ओढली.

एप्रिलमध्ये, ड्राफ्टच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मी कार्ड घेऊन तासभर बसलो. सहा ओळी भराभर लिहिल्या. सातव्या ओळीवर पेन अडलं. आमचा संघ आखूड हातांचा गार्ड घेत नाही. वीस वर्षांत एकदाही घेतलेला नाही, ही गोष्ट मला ठाऊक आहे आणि ठाऊक नसल्याचं सोंग मला आणता येत नाही. मुलगा लाडका आहे म्हणून त्याचा हात दीड इंच वाढत नाही. मी लिहिलं: ब्रॉडी हेगन, मॉन्टाना. लिफाफा चाटला. त्या क्षणी मला वाटलं होतं की हे कार्ड नेहमीसारखं गॅरेजमध्ये वाचलं जाईल, चार म्हातारी माणसं ऐकतील आणि विसरतील.

गुरुवारी सकाळी जॅनीनचा फोन आला. शनिवारी सगळे माझ्याकडे या. टीव्ही मोठा भाड्यानं आणलाय, कोबीच्या पानातले गोळे करतेय, बीफचे सँडविच आहेत, आणि हो, तुमची कार्डं माझ्या घरी वाचायची. गॅविनसमोर. त्याला किती बरं वाटेल.

मी तसाच डॉटच्या दारात गेलो आणि लिफाफा परत मागितला. म्हटलं, एका नावाचं स्पेलिंग चुकलंय. डॉटनं पिशवी पोटाशी धरली. चौतीस वर्षं शाळकरी पोरांच्या थापा आरशात बघून ओळखलेली बाई ती. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि तिचा चेहरा बदलला.

"नॉर्ब, तू त्याचं नाव लिहिलेलं नाहीस," ती म्हणाली.

मी टोपी काढून हातात घेतली.

"मग आता भोग. पिशवीतला लिफाफा बाहेर येत नाही. हा नियम तुझ्यामुळेच केलाय, आठवतंय ना?"

आठवत होतं. चौथ्या वर्षी मी एक ओळ बदलायचा प्रयत्न केला होता.

शुक्रवारी तिसऱ्या राउंडला आमच्या संघानं गार्ड घेतला, मी लिहिलेलाच. एरवी मी रस्त्यावर नाचलो असतो. त्या दिवशी मी टीव्ही बंद केला, कारण माझे अंदाज बरोबर निघायला लागले होते आणि आता ते थांबायला तयार नव्हते.

शनिवारी दुपारी जॅनीनच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारी, गॅविनचे शाळेतले सोबती, त्याचा जुना कोच. गॅविन सोफ्याच्या मधोमध गुडघ्यावर फोन ठेवून बसला होता आणि जो येईल तो त्याच्या पाठीवर थाप मारत होता. सातव्याला बघ, आपलाच संघ. तो मान हलवायचा, हसायचा. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो आणि मला एकट्याला दिसत होतं, की हसताना त्याचा डावा पाय सारखा थरथरतोय.

साडेपाचच्या सुमाराला आमच्या संघाची सातवी पाळी आली. जॅनीन दारात, हातात ओला फडका. टीव्हीवरच्या माणसानं चिठ्ठी उघडली आणि वाचलं: ब्रॉडी हेगन, गार्ड, मॉन्टाना.

मग कोच म्हणाला की अजून बाकीचे संघ आहेत, आणि दोघातिघांनी हो हो केलं. मुनीर, भला माणूस, खाकरला आणि म्हणाला की कार्डं आज राहू देत. डॉटनंही पिशवी सोफ्याखाली ढकलली. मी मनातल्या मनात दोघांचे पाय धरले.

पण गॅविन म्हणाला, "वाचा ना. मला ऐकायचीत."

डॉटनं वाचलं. सातवी ओळ, गॅविन मॅझुर. व्हर्ननं वाचलं. गॅविन मॅझुर. मुनीरनं कार्डावरून नजर वर न काढता वाचलं, त्याचंही तेच. प्रत्येक वेळी लोक टाळ्या वाजवत होते, आजाऱ्याच्या खोलीत वाजवाव्यात तशा हळू. मग माझी पाळी. खोटं वाचावं असं मनात आलं, सरळ सांगतो. कार्ड माझ्याच हातात होतं, कोण तपासणार होतं? पण मी सहा ओळी वाचल्या आणि सातवीला थांबलो, आणि थांबलो तिथेच सगळ्यांना कळलं.

"ब्रॉडी हेगन," मी म्हणालो. "मॉन्टाना."

व्हर्न बिचारा सवयीनं बोलून गेला, "पाच गुण." डॉटनं त्याला कोपर मारलं. अकरा वर्षांनी मी जिंकलो होतो, आणि माझी बहीण माझ्याकडे बघत होती.

"सख्ख्या भाच्याचं नाव लिहिता आलं नाही तुला?" ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आत नळ सुरू झाला तो बराच वेळ बंद झाला नाही.

पुढचा अर्धा तास मी कसा काढला ते सांगत नाही. बाकीच्या संघांची नावं एकामागून एक पुकारली गेली. गॅविनचं नव्हतं. शेवटचं नाव झालं, टीव्हीवर माणसं एकमेकांशी हस्तांदोलन करायला लागली, आणि लोक हळूच कोट शोधायला लागले. शोकाला गेल्यावर निघताना करतात तसं.

तेवढ्यात गॅविनचा फोन वाजला.

इथंच आमच्यासारख्या रिकामटेकड्यांना जे माहीत असतं ते इतरांना नसतं. ड्राफ्ट संपला म्हणजे सगळं संपलं असं नाही. ज्यांचं नाव पुकारलं गेलं त्यांना ज्यानं पुकारलं त्याच्याकडे जावंच लागतं. ज्यांचं राहिलं त्यांना मात्र कुणी बोलावलं तर आपण निवडायचं असतं, आणि त्यासाठी मिळतात फार तर दहा मिनिटं, कारण प्रत्येक संघ त्याच वेळी आणखी वीसजणांना फोन लावत असतो. फोनवर गॅविनची एजंट होती. तीन संघ विचारत होते. ॲरिझोना, जॅक्सनव्हिल आणि आपला.

"आपला" हा शब्द त्यानं उच्चारला मात्र, घर दणाणलं. हातात घेतलेले कोट पुन्हा खुर्च्यांवर पडले. मुनीरनं कोचला उचललं. जॅनीन बाहेर आली, डोळे लाल, आणि दोन्ही हात तोंडावर. हो म्हण, हो म्हण, चहूकडून एकच गजर. गॅविन उठला, गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला आणि माझं मनगट धरलं.

"मामा, बाहेर चल."

आम्ही अंगणात गाड्यांच्या मधे उभे राहिलो. तळ्यावरून गार वारा येत होता आणि त्याच्या अंगात नुसता टीशर्ट.

"आठ मिनिटं आहेत," तो म्हणाला. "सांग."

आणि मी सांगितलं. वहीची गरज नव्हती. सगळ्या संघांचे सगळे गार्ड माझ्या डोक्यात असतात, बायकोचा वाढदिवस नसतो. ॲरिझोनाकडे सहाजण, आणि तिथला कोच आधी हात मोजतो, मग नाव विचारतो. जॅक्सनव्हिलकडे चार. त्यातल्या एकाचा गुडघा डिसेंबरात कापलाय, एकाला मागच्या वर्षी तीन सामन्यांत बाकावर बसवलं. धड असे दोनच, त्यातला एक छत्तिशीचा. तीन दिवसांत त्यांनी सात पोरं घेतली, पण गार्ड एकही नाही. आणि गार्डांना शिकवणारा त्यांचा कोच स्वतः आखूड हातांचा गार्ड होता, तो बारा वर्षं खेळला.

"आणि आपला?"

जन्मल्यापासून मी या संघाचा. माझ्या बापाच्या शवपेटीत आम्ही संघाची टोपी ठेवली होती. भाचा त्या जर्सीत मैदानात उतरतोय, हे चित्र मी कधी रंगवलंच नव्हतं असं कोण म्हणेल? पण आपल्याकडे आता गार्ड झाले होते सात. दोन याच ड्राफ्टमधले, त्यांना कोण काढतंय. अकरा आठवडे मीच गार्ड घ्या, गार्ड घ्या म्हणून ओरडलो होतो, आणि संघानं जणू माझं ऐकलं होतं.

"आपल्याकडे तू आठवा," मी म्हणालो. "ऑगस्टमध्ये संघ छाटतात, तेव्हा घरी पाठवतील. इथं येऊ नकोस, बाळा. जॅक्सनव्हिलला जा."

मग त्यानं विचारलं, "माझं नाव लिहिलं नाहीस ते हातांमुळे ना?"

"हो."

"साडेएकतीस?"

"तुला माहीत होतं?"

"मी टेप बघत होतो, मामा. तू खिशात घातलीस ती पण बघितली." आणि तो हसला, दिवसभरात पहिल्यांदा पाय न हलवता. म्हणाला, दोन महिने गावातला जो भेटतो तो सातव्या राउंडच्या गोष्टी करतो. पेट्रोल भरायला गेलो तरी तेच. मला झोप येईना. प्रत्येकाला वाटायचं की मला धीर देतोय, आणि मी मोजत बसायचो की शनिवारी किती माणसांची तोंडं पडणार. तू एकटाच काही बोलला नाहीस. तेव्हाच कळलं की विचारायचं तर तुलाच.

माझ्या छातीवरून धोंडा उतरला. खरंच सांगतो, मी व्हर्नच्या गाडीच्या बॉनेटवर टेकलो. गॅविननं तिथंच उभं राहून एजंटला फोन लावला आणि जॅक्सनव्हिल म्हणून सांगितलं. तिनं विचारलं, नक्की? तो म्हणाला, नक्की, घरच्या माणसानं बघितलंय.

आत जाऊन त्यानं सांगितल्यावर आधी दोघातिघांनी 'आपला का नाही?' केलं, मग ओरडा. मुनीरनं जाहीर केलं की उद्या दुकानात दोन झेंडे लागणार. लोक पुन्हा खायला लागले. मी मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेलो. जॅनीन पातेल्यातले गोळे ताटात काढत होती. मला बघूनही ती काढतच राहिली.

"लिहिलं असतंस नाव तर काय बिघडलं असतं?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

"काही नाही. पण मग आज त्यानं मला विचारलं नसतं."

तिनं डाव खाली ठेवला. थोडा वेळ फडक्याला हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी.

"तिथं तो कितवा?"

"तिसरा."

"आणि इथं?"

"आठवा."

"तिसरा म्हणजे खेळेल?"

"पुढच्या दोघांपैकी एकाचा घोटा मुरगळला की."

जॅनीननं वर छताकडे बघितलं, छातीवर क्रूस काढला आणि डोळे मिटले. "पवित्र मारिये, मला क्षमा कर," ती म्हणाली. "मोडू नको देऊ. नुसता मुरगळू दे. दोन आठवडे पुरे."

"आमेन," मी म्हणालो. दुसऱ्या संघांतल्या माणसांचे घोटे मुरगळावेत म्हणून मी आयुष्यभर देवाला साकडं घातलंय, पण प्रेमापोटी ते पहिलंच.